पावसाळ्यात गारगोटीकडे बाईकवरून निघताय? रस्त्यावर पाणी आलं तर काय करायचं?

कोल्हापूरहून गारगोटीमार्गे पाटगाव आणि रांगण्याकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात बाईकस्वारांना खुणावतो. पण इथे मोठा धोका डोक्यावरच्या पावसापेक्षा पुलावर आणि बंधाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचा असतो.

ऊन पडलं तरी पूर कसा येतो?

गारगोटी वेदगंगेच्या काठावर आहे आणि पाटगाव धरण नदीच्या वरच्या बाजूला. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला किंवा धरणातून विसर्ग वाढला, की गारगोटीत उघडीप असतानाही नदी फुगू शकते. जुलै २०२१च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णी इथे याच वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं होतं.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे उंचीला कमी असतात. एरवी गावकरी त्यावरून ये-जा करतात, पण पुरात ते पाण्याखाली जातात. कठडा दिसत नाही आणि खालचा रस्ता खचलाय का, हेही कळत नाही. गुडघ्याखालचं वाहतं पाणीसुद्धा बाईक आडवी करू शकतं.

निघण्यापूर्वी काय पाहायचं?

- हवामान विभागाचा इशारा: यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे तातडीने खबरदारी घ्या. ऑरेंज किंवा रेड असेल तर ट्रिप पुढे ढकला.
- फक्त गारगोटीचा नाही, घाटमाथ्याचाही अंदाज पाहा.
- एसटी स्टँडवर चौकशी करा. पाण्यामुळे त्या मार्गावरची एसटी बंद असेल, तर बाईकही नेऊ नका.

वाटेत अडकलात तर?

- पाणी वाहत असेल तर मागे फिरा. पुढची गाडी गेली म्हणून तुमची जाईलच असं नाही.
- वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर पक्क्या इमारतीत थांबा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनीच निघा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं.
- घाटात दरडीखाली किंवा धबधब्याशेजारी बाईक लावू नका.
- साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक ओले होतात. वेग कमी ठेवून ते दोन-तीनदा हलके दाबा.

मदत कुठे मिळेल?

आपत्कालीन मदतीसाठी ११२, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ वर फोन करा. घाटात रेंज जाते, म्हणून मार्ग आणि पोहोचण्याची वेळ घरी आधीच सांगून ठेवा. ट्रिपमध्ये मुक्कामासाठी एक जादा दिवस धरा. मग पाणी उतरेपर्यंत थांबणं जड जात नाही.