एक चौकट, अनेक दारे : गॅझेटियर ते संकेतस्थळ

१/ कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे शेजारी शेजारी उघडून पाहा. दोन्हीकडे तेच ‘जिल्ह्याविषयी’, तेच ‘निर्देशिका’, ‘पर्यटन’, ‘दस्तऐवज’, ‘सूचना’. बदलते ते नाव, छायाचित्रे आणि मजकूर. दोन्ही स्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या एकाच प्रणालीवर उभी आहेत. पत्ते स्वतंत्र, मजकुराचा धनी स्वतंत्र, खालची चौकट मात्र सामायिक. आजचा धागा या चौकटीच्या इतिहासाचा.

२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दृश्य ओळखीचे वाटावे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड निघाले : रत्नागिरी-सावंतवाडी १८८०, सातारा १८८५, कोल्हापूर १८८६. कोणताही उघडा, प्रकरणांचा क्रम साधारण तोच : वर्णन, उत्पादन, लोक, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीन, न्याय आणि अखेरीस स्थळे. सांगाडा एकदा ठरला, मग प्रत्येक जिल्ह्याची माहिती त्यात भरली गेली.

३/ सोय मोठी होती. साताऱ्याची शेती आणि रत्नागिरीची शेती पानाला पान लावून ताडता येते. पण कोल्हापूर हा ब्रिटिश जिल्हा नव्हता, संस्थान होते. त्याच्या पोटात विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिऱ्या होत्या. खालसा मुलखाच्या कारभाराला बेतलेल्या अंगरख्यात त्यांना बसवताना शिवण ताणली गेली, असे माझे मत आहे.

४/ आता संगणकाकडे. वेबच्या आरंभकाळी ब्राउझर सर्व्हरला केवळ ‘अमुक पान द्या’ एवढेच सांगे. कोणत्या संकेतस्थळाचे, हे सांगत नसे. मी राहतो त्या राजारामपुरीत पत्ता गल्लीच्या क्रमांकाने सांगतात. समजा, पाकिटावर गल्ली आणि इमारत लिहिली, पण रहिवाशाचे नावच नाही. इमारतीत एकच बिऱ्हाड असेल तर पोस्टमनचे अडत नाही. दहा असतील तर तो जिन्यातच उभा राहणार. म्हणून प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र आयपी क्रमांक द्यावा लागे, आणि असे क्रमांक जगात सुमारे ४२९ कोटीच होते.

५/ जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकाने ‘होस्ट’ ही एक ओळ अनिवार्य केली. पाकिटावर नाव आले. त्यामुळे एकाच यंत्रावर, एकाच क्रमांकावर कितीही डोमेन नांदू लागले. पुढची पायरी स्वाभाविक होती : यंत्र एक, तर प्रणालीही एकच का नको? आलेले नाव वाचायचे, त्यानुसार त्या स्थळाची मांडणी आणि माहितीसाठा उचलायचा, बाकी संहिता सर्वांना तीच. २०१० च्या वर्डप्रेस ३.० मध्ये ही सोय मूळ प्रणालीतच आली.

६/ मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातले उदाहरण विकिपीडियाचे. मॅग्नस मान्स्के हा कोलोनचा जीवशास्त्राचा विद्यार्थी (होय, विद्यार्थी!). त्याने लिहिलेली प्रणाली जानेवारी २००२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर बसली; त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ती नव्याने लिहिली. तिलाच पुढे ‘मीडियाविकी’ म्हणू लागले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज त्याच संहितेवर चालतो, आणि वेगळ्या डोमेनवरचे मराठी विकिस्रोतही. प्रत्येकाचा माहितीसाठा मात्र निराळा.

७/ सामायिकपणाची जोखीम उघड आहे. एक दुरुस्ती सर्वांना लाभते, तशी एक चूक सर्वांना भोवते. म्हणून विकिमीडियाची नवी संहिता आठवड्यात टप्प्याटप्प्याने सोडतात : सामान्यतः मंगळवारी चाचणीच्या विकींवर, बुधवारी विकिस्रोतासारख्या प्रकल्पांवर, गुरुवारी बहुतेक विकिपीडियांवर. म्हणजे बुधवारी रात्री ही दोन मराठी भावंडे एकाच प्रणालीच्या दोन आवृत्त्यांवर असू शकतात. चूक बुधवारीच दिसली, तर गुरुवारचे पाऊल थांबवता येते.

८/ हे सारे मी का खोदत बसलो? माझ्या लघुप्रबंधातल्या तीन तळटीपा मेल्या. ज्या संकेतस्थळाचा आधार घेतला होता ते जुन्या स्वतंत्र रूपातून अशाच एका सामायिक चौकटीत हलवले गेले. डोमेन तेच राहिले, पण आतल्या पानांचे पत्ते बदलले. शिवाय जुन्या स्थळावर स्थानिक कागदपत्रांच्या याद्यांचे जे पान होते, त्याला नव्या मांडणीत कप्पाच नव्हता. कोणी ते मुद्दाम काढले असे मी म्हणणार नाही. साच्यात त्याची जागा नव्हती, एवढेच.

९/ त्यातली दोन पाने ‘वेबॅक मशीन’मध्ये सापडली; तिसऱ्याचे छायाचित्र सुदैवाने मित्राच्या फोनमध्ये होते. आता तळटीप लिहिताना मी पत्त्याबरोबर पाहिल्याची तारीख आणि जतन केलेल्या प्रतीचा दुवाही देतो. मार्गदर्शकांना तो पसारा वाटतो. १८८६ च्या खंडासाठी नुसता पृष्ठक्रमांक पुरतो.