सुएझचा कालवा आणि वेठीचे मोल

सुएझ कालव्याचा विषय निघाला की फर्डिनंड द लेसेप्स या फ्रेंच गृहस्थाचे नाव प्रथम ओठांवर येते. मुंबई ते लंडन हा सागरी प्रवास चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी कमी करणाऱ्या या माणसाच्या चिकाटीचे कौतुक आम्हांसही आहे. तथापि हा इतिहास वाचताना आमचे लक्ष वारंवार एका आकड्यापाशी अडते : ३ कोटी ८० लक्ष फ्रँक.

इजिप्तचा अधिपती सैदपाशा याने १८५४ मध्ये लेसेप्सला कालव्याची सनद दिली. १८५६ च्या दुसऱ्या सनदेत एक कलम आले, की निदान चारपंचमांश मजूर इजिप्तचेच असावेत. सरकारी कागदपत्रांशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्या आमच्या वाचकांना अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या कलमाचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. २५ एप्रिल १८५९ रोजी पहिली कुदळ पडली आणि पुढे या कलमाच्या आधारे नाईलकाठचे शेतकरी सरकारी हुकमाने, दरमहा हजारोंच्या संख्येने, वाळवंटात आणले जाऊ लागले. मजुरी ठरलेली होती. नकार देण्याची मुभा मात्र नव्हती. १८६२ मध्ये गोड्या पाण्याचा कालवा तिमसाह सरोवरापर्यंत पोहोचेतो पिण्याचे पाणीसुद्धा उंटांवरून आणावे लागे.

या वेठीविरुद्ध सर्वांत मोठा आवाज इंग्लंडने उठविला. त्यात भूतदयेपेक्षा फ्रेंचांविषयीचा मत्सर अधिक होता, असे म्हणणे भाग आहे. कारण इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली झालेला अलेक्झांड्रिया-कैरो लोहमार्गही वेठीच्याच श्रमांवर उभा राहिला होता. परंतु हेतू कोणताही असो, वेठ थांबली. सैदनंतर आलेल्या इस्माईलने ती बंद करण्याचे ठरविले आणि वाद तिसऱ्या नेपोलियनकडे लवादासाठी गेला. त्याची राणी युजेनी ही लेसेप्सच्याच नात्यातली. १८६४ च्या निवाड्याने इजिप्तवर ८ कोटी ४० लक्ष फ्रँकांची भरपाई बसली. त्यांपैकी ३ कोटी ८० लक्ष केवळ वेठीचे मजूर काढून घेतल्याबद्दल! स्वतःच्या प्रजेला वेठीतून सोडविण्याचे मोल इजिप्तने परक्या कंपनीला द्यावे, असा तो न्याय होता.

याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. मजूर गेल्यावर कंपनीने वाफेवर चालणारी गाळ उपसण्याची यंत्रे आणली, आणि खोदाईचा फार मोठा भाग त्यांनीच पार पाडला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा थाटाने खुला झाला. वेठीवाचून काम अडत नव्हते. वेठ तेवढी स्वस्त होती.

कर्जाने पिचलेल्या इस्माईलने १८७५ मध्ये आपले सुमारे १ लक्ष ७७ हजार भाग जवळजवळ ४० लक्ष पौंडांना इंग्लंडला विकले. सात वर्षांनी इंग्रज फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. २६ जुलै १९५६ रोजी नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि युद्ध ओढवले. अखेर १९५८ च्या करारान्वये इजिप्तने कंपनीच्या भागधारकांना २ कोटी ८३ लक्ष इजिप्शियन पौंड देण्याचे मान्य केले.

एकदा माणसे सोडविण्यासाठी आणि एकदा कालवा सोडविण्यासाठी, अशी इजिप्तने दोनदा भरपाई दिली. ज्यांनी आपल्या हातांनी तेथील चिखल उपसला, त्यांच्या नावे मात्र या हिशेबात एकही रक्कम आम्हांस आढळत नाही.