घरगुती व्यायामशाळा : अल्प खर्चात, किनारी हवेत

घरी व्यायामशाळा उभारण्यास महागडी यंत्रे आवश्यक नसतात. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसार केलेल्या सूर्यनमस्कारांना अंगापुरती जागा व एक सतरंजी पुरते. जोर-बैठकांना तेवढेही लागत नाही. भारासाठी पाण्याने भरलेली २ लिटरची बाटली सुमारे २ किलोंची होते. कोरड्या वाळूने भरल्यास ३ किलोंच्या आसपास. अर्नाळ्यासारख्या सागरकिनारी खाऱ्या, दमट हवेने लोखंडी डंबेल्स लवकर गंजतात. तेथे लाकडी मुद्गल किंवा प्लास्टिकचे आवरण असलेली वजने सोयीची. लोंबकळण्याच्या व्यायामासाठी मात्र काटकसर नको. गंजलेला हूक वा गज अचानक तुटून पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत होऊ शकते. आधार वेळोवेळी तपासावा.