नागपूरच्या पाद्र्याचे दात

सेराटोडस या नामशेष फुफ्फुसमाशाची कुळी लागली ती दातांवरून. या माशांच्या अंगात हाडापेक्षा कूर्चाच जास्त. ती कुजून जाते आणि मागे राहतात त्या जबड्यातल्या चार जाड दंतपट्टिका, उघडलेल्या पंख्यासारख्या कंगोऱ्यांच्या. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ ऑस्टच्या कड्यात त्या सापडत. लुई अगासीने १८३०च्या दशकात त्यांचं बारसं केलं, पण गोत्र चुकवलं. त्याला ते शार्कचे भाऊबंद वाटले. समोर नुसते दात असताना अगासीसारखा जाणकारही चुकावा, यात मला नवल वाटत नाही.

या कुळकथेचं एक पान नागपूरचं आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये धर्मप्रचारासाठी तिथे आले आणि दगडांच्याही नादी लागले. सहकारी रॉबर्ट हंटर यांची साथ होती. नागपूरच्या दक्षिणेला मालेरी (आता तेलंगणात) इथल्या लाल मातीत सेराटोडसचे दात निघाले. ही माती ट्रायासिक काळातली, सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वीची. टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये या दातांचं वर्णन छापलं आणि दोन जातींना हिस्लॉपियानस, हंटेरियानस अशी नावं दिली.

दातांचा मालक कसा दिसत असेल, ते मात्र ऑस्ट्रेलियात उलगडलं. क्वीन्सलँडच्या बर्नेट नदीतला एक मोठा मासा तिथले वसाहतवाले ‘बर्नेट सॅमन’ म्हणून खुशाल खात होते. विल्यम फॉर्स्टर यांनी त्याच्याबद्दल सांगितलं, तेव्हा सिडनीच्या संग्रहालयातल्या जेरार्ड क्रेफ्टचा विश्वास बसला नव्हता. १८७० मध्ये मासा प्रत्यक्ष हाती आला. क्रेफ्टने तोंड उघडून पाहिलं, तर आत अगासीच्याच पट्टिका! शार्कचं गोत्र तिथेच बाद झालं. क्रेफ्टने त्याचं नाव सेराटोडस फॉर्स्टेरी ठेवलं. हा मासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि गरज पडली की पृष्ठभागावर येऊन एकुलत्या फुफ्फुसात हवा भरतो. पुढे त्याला जुन्या सेराटोडसपासून वेगळा काढून नियोसेराटोडस या नव्या वंशात घातलं.

हिस्लॉपना हे कळलं नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते फुगलेल्या ओढ्यात बुडाले. नागपुरात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना मालेरीच्या दातांची ही गोष्ट एकदा तरी कुणी सांगावी.