मुक्त आणि मोफत : कार्यप्रणालीच्या निवडीचा इतिहास

आंतरजालावर चालणाऱ्या धंद्यासाठी मुक्त कार्यप्रणाली घ्यावी की विकतची, हा वाद बहुधा खर्चाचा वाद म्हणून मांडला जातो. इतिहासाचा पुरावा निराळे सांगतो. ‘मुक्त’ व ‘मोफत’ यांस इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे जो घोटाळा झाला, तो मराठी अभ्यासकास सहज टाळता येण्यासारखा आहे.

१९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीस दूरसंचाराबाहेर व्यापार करण्यास मनाई झाली. म्हणून तिच्या बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेली युनिक्स प्रणाली विद्यापीठांस मूळ आज्ञावलीसह अल्प शुल्कात मिळू लागली. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन होऊन ते बंधन सुटले आणि युनिक्स हा विक्रीचा माल बनला. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाने आज्ञावली पाहण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क पुढे परवान्यानेच बांधून दिला. लिनस टॉरवल्ड्स यांचे १९९१ चे लिनक्स पुढील वर्षी याच परवान्याखाली आले.

या हक्काचे मोल दोन प्रसंगांतून दिसते. सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली हॉटमेल ही पत्रसेवा फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीवर चाले. डिसेंबर १९९७ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. परंतु तिचे दर्शनी संगणक विंडोजवर नेण्यास २००० साल उजाडले. विंडोजच्या मालकास विंडोजची किंमत पडत नव्हती, तरीही चालती सेवा हलविणे सोपे ठरले नाही. प्रणालीची पहिली निवड धंद्यास दीर्घकाळ बांधून ठेवते, हा याचा अर्थ होय.

दुसरा प्रसंग उलट बाजूचा. रेड हॅट कंपनीच्या छत्राखालील सेंटओएस ८ ही मोफत प्रणाली २०२९ पर्यंत सांभाळली जाणार होती. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ अखेरपर्यंत आणण्यात आली. मोफतपणा त्या व्यापाऱ्यांस वाचवू शकला नाही, मुक्तपणाने वाचविले. आज्ञावली खुली असल्यामुळे २०२१ मध्येच अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स उभ्या राहिल्या. खुद्द रेड हॅट मुक्त प्रणालीवरच सशुल्क सेवा विकते. तेव्हा मुक्त आणि व्यापारी हे परस्परविरोधी शब्द नव्हेत.

सोलापूरच्या अभ्यासकास हा भेद अपरिचित वाटू नये. स्वतःच्या मागावर विणणारा विणकर आणि कारखानदाराच्या मागावर मजुरीने विणणारा विणकर यांतील अंतर केवळ मागाच्या किमतीचे नव्हते. माग कोणाच्या हुकमाने चालेल वा थांबेल, याचे होते. आज सोलापुरी चादर आंतरजालावर विकणाऱ्यापुढेही तोच प्रश्न आहे. अर्थात माग आपला असला, तरी तो दुरुस्त करणारा हात लागतोच. असा हात जवळ नसेल, तर त्या सेवेचे दाम मोजणेच शहाणपणाचे. मात्र दाम देताना आपण कौशल्य विकत घेत आहोत की परावलंबन, हे व्यापाऱ्याने प्रथम तपासले पाहिजे.