हिमस्खलन कसं होतं? हिमालयात ट्रेकला जाण्याआधी हे वाचा

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि बर्फ भेटतो तो रसवंतीवर. तरी सेवाग्राम स्थानकावरून दिल्लीची गाडी पकडली की हिवाळ्यातला केदारकंठा किंवा मनाली फार लांब राहत नाही. तिथल्या बर्फात धोका कुठे असतो, हे मात्र नुसतं बघून कळत नाही.

महाराष्ट्राने हा धोका जवळून पाहिला आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरची सोनम चौकी बर्फाखाली गाडली गेली. त्यातल्या १० जवानांमध्ये साताऱ्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचा मृत्यू झाला.

सियाचीनमध्ये बर्फाची प्रचंड भिंत कोसळली होती. ट्रेकरचा जीव बहुतेक वेळा जातो तो वेगळ्या प्रकारात, 'स्लॅब' हिमस्खलनात.

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो. सुरुवातीचा बर्फ पातळ असेल आणि कडाक्याची थंडी पडली, तर खालच्या उबदार जमिनीकडून वाफ वर सरकते आणि तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ घट्ट बसला की ज्वारीच्या दाण्यांवर फरशी ठेवावी तशी अवस्था होते. माणसाच्या वजनाने खालचा थर मोडतो, भेग क्षणात पसरते आणि अख्खा उतार सुटतो. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोकादायक. त्याहून सौम्य उतारावर चालणारा सुरक्षित असतोच असं नाही. वरून सुटलेलं खाली येतंच.

ओरडल्याने हिमस्खलन होतं, ही सिनेमातली समजूत. जीवघेण्या घटनांत बर्फ बहुतेकदा अडकलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनानेच सुटलेला असतो.

मोठी हिमवृष्टी झाल्यावरचे एक-दोन दिवस, वाऱ्याने उडून एका बाजूला साचलेला बर्फ, अचानक वाढलेली उष्णता, पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज, पुढे धावणारी भेग: यातलं काहीही दिसलं तर मागे फिरायचं. गाइड 'काही होत नाही' म्हणाला तरी.

डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. पातळ्या १ ते ५. इथे अनेकांची फसगत होते: पाचपैकी ३ म्हणजे मध्यम नव्हे. त्या पातळीवर एकट्या माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो.

गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो आणि श्वास कोंडतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडमधल्या माणा इथे ५४ कामगार अडकले, त्यातले ४६ वाचले. अनेकजण लोखंडी कंटेनरमध्ये होते, त्यामुळे त्यांना हवा मिळाली. उघड्यावरच्या ट्रेकरला ती सोय नाही. बचाव पथक पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. उकरून काढायचं ते सोबत्यांनीच. म्हणून धोक्याच्या उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाकडे सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं हवं. पैसे भरण्याआधी ट्रेक कंपनीला हे तिन्ही देता का, आणि इशारा ३ वर गेला तर मार्ग बदलता का, एवढं विचारून घ्यावं.