अंगठा, कडुलिंब आणि पाळणाघर : बालसंगोपनातील एका सवयीचा इतिहास

तान्ह्या मुलाने अंगठा चोखावा ही घटना इतकी सामान्य आहे की, इतिहासाने तिची दखल घ्यावीच का, असा प्रश्न सहज उपस्थित होईल. गर्भावस्थेतही मूल अंगठा चोखते, हे ध्वनिलहरींनी घेतलेल्या चित्रांत दिसून आलेले आहे. क्रिया निसर्गाची होय. तिला दोष ठरविणे मात्र माणसांचे, आणि म्हणूनच ते इतिहासाच्या कक्षेत येते.

परंपरेने या क्रियेकडे पोषणाच्या दृष्टीने पाहिले. युवनाश्वाच्या कुशीतून जन्मलेल्या बालकाला स्तन्य कोण देणार, असा पेच पडला तेव्हा इंद्राने आपली तर्जनी त्याच्या मुखात दिली व त्यावरून त्यास मांधाता हे नाव मिळाले, अशी कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. भागवताच्या द्वादश स्कंधात मार्कंडेयास प्रलयजलात वटपत्रावर दिसलेला बालक स्वतःचे पाऊल हातांनी मुखाशी नेऊन चोखतो. ज्या घराच्या भिंतीवर हा बालमुकुंद टांगलेला असे, त्याच घरात आजी नातवाच्या अंगठ्याला कडुलिंबाचा पाला वाटून लावी, आणि यात तिला विसंगती वाटत नसे. अंगावरचे दूध तोडताना स्तनाग्रास कडू लावण्याची जी रीत, तिचाच हा विस्तार होता. त्यामागे उपाय होता, सिद्धान्त नव्हता.

सिद्धान्त आला तो युरोपातून. हाइनरिक होफमन यांच्या १८४५ च्या बालपुस्तकात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने छाटतो! १८७९ साली बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी या सवयीवर निबंध लिहिला. १९०५ मध्ये फ्रॉइडने त्याचाच आधार घेऊन तिच्यात शैशवातील कामप्रेरणा पाहिली. अमेरिकी सरकारने १९१४ साली मातांसाठी काढलेल्या पुस्तिकेत तर बाळाच्या बाहीचे टोक बोटांवर टाचून किंवा शिवून टाकावे, असा सल्ला होता. पुढे १९४० नंतरच्या आवृत्त्यांत हा कडकपणा ओसरला. तीस वर्षांत बाळ बदलले नव्हते, सल्ला देणारे बदलले होते.

मराठी समाजात बालकाकडे पाहण्याची नवी दृष्टी रुजविण्याचे श्रेय मुख्यतः ताराबाई मोडक यांच्याकडे जाते. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केल्यानंतर त्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. भय व शिक्षा यांवाचून बालशिक्षण, हा त्या चळवळीचा गाभा होता. कडू लेप आणि दटावणी यांना त्या विचारात स्थान उरणे कठीण होते.

दादरच्या उत्तरेस मात्र प्रश्नाने निराळे रूप घेतले. १९२८ मध्ये बोरीवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. १९५० साली अंधेरीचा आणि १९५७ साली बोरीवली व मुलुंडचा भाग महानगरपालिकेत आला. उपनगरांतील दोन खोल्यांच्या घरांत पुष्कळदा आजी नसे. ती गावी राहिलेली असे. आईही नोकरीस जाऊ लागली तेव्हा पाळणाघर ही संस्था उदयास आली. कारखान्यांपुरती तिची तरतूद १९४८ च्या कायद्याच्या कलम ४८ मध्ये होती. घाटकोपर वा मुलुंडच्या मध्यमवर्गीय वस्तीत ती शेजारच्या एखाद्या काकूंच्या बाहेरच्या खोलीत भरे. दुपारी आठ-दहा मुलांना निजविणाऱ्या त्या काकूंना अंगठा तोंडात घालून निमूट झोपणारे मूल म्हणजे मोठी सोय. संध्याकाळी गाडीच्या गर्दीतून परतणाऱ्या आईला तोच अंगठा आपल्या अनुपस्थितीचा पुरावा वाटे. एकाच बोटाचे हे दोन अर्थ समजून घेतल्याशिवाय उपनगरी बालसंगोपनाचा इतिहास लिहिता येणार नाही.

आईची ती धास्ती वैद्यकाच्या दृष्टीने बहुतांशी अनाठायी होती. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सवय आपणहून सोडतात. सहाव्या-सातव्या वर्षी कायमचे दात येऊ लागल्यावरही ती टिकली, तर वरचे दात पुढे येण्याचा व वरच्या-खालच्या दातांत फट राहण्याचा संभव असतो. तेव्हा दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. तोपर्यंत रागे न भरता हाताला खेळ देणे, न चोखल्याबद्दल कौतुक करणे आणि मूल कंटाळते, निजते की एकटे पडते तेव्हा अंगठा तोंडात जातो हे पाहणे, एवढेच सांगितले जाते. हे निरीक्षण दिवसभर करू शके ती पाळणाघरातली बाई. आणि तिच्या हातची एकही नोंदवही आपल्या संग्रहालयांत नाही.